निकालावर पैसे देणाऱ्या कराराच्या कमिटीत नाव लागलंय? मग आधी हे वाचा

एनजीओत, महापालिकेत नाहीतर एखाद्या कंपनीच्या सीएसआर टीममध्ये असाल तर हा मेल कधी ना कधी येतोच: अमुक प्रकल्पाच्या स्टिअरिंग कमिटीवर तुमचं नाव घेतलंय, पहिली मिटिंग गुरुवारी, सोबत करार जोडलाय, कृपया वाचून यावे. करार उघडावा तर शंभरेक पानं, आणि सुरुवातीची निम्मी पानं वकिलांची. बहुतेक जण तिथंच फाईल बंद करतात, मिटिंगला जाऊन पीपीटी बघतात, चहा-बिस्किटं होतात, "छान चाललंय काम" म्हणून उठतात. साध्या कंत्राटात हे एकवेळ खपून जातं. इथं खपत नाही, कारण कमिटीने न विचारलेल्या एका प्रश्नावर कोणाचे तरी लाखो रुपये अडकतात, नाहीतर कोणाला तरी न केलेल्या कामाचे मिळतात.

नेहमीच्या कंत्राटात तुम्ही काय काय केलं त्याचे पैसे असतात, म्हणजे इतकी शिबिरं, इतके शिक्षक, इतके किट, लावा बिल. निकालावरच्या करारात त्या सगळ्यातून झालं काय, त्याचे पैसे. मुलगी शाळेत आली का, तिला वाचता यायला लागलं का, सुटलेला कैदी परत गुन्ह्यात सापडला का. सरकारला किंवा पैसे देणाऱ्या फाउंडेशनला हे आवडतं कारण जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात. पण मग "झालं" म्हणजे नक्की काय झालं, ते कोणी मोजलं, आणि मोजणाऱ्यावर लक्ष कोणाचं, हे सगळं कमिटीच्या पदरात येतं.

उदाहरणासाठी मी मुख्यतः राजस्थानातल्या भीलवाडा जिल्ह्याचा प्रोजेक्ट घेतोय, कारण त्याचे आकडे उघड आहेत आणि वरखाली भरपूर झालंय. 'एज्युकेट गर्ल्स' ही मुंबईत मुख्यालय असलेली संस्था, सफीना हुसेन यांनी २००७ साली सुरू केलेली, २०२५ ला रॅमन मॅगसेसे मिळालं तीच. २०१५ ते २०१८ अशी तीन वर्षं त्यांनी भीलवाड्यातल्या १६६ शाळांमध्ये डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बाँडवर काम केलं, म्हणजे असा करार ज्यात इन्व्हेस्टर कामाचे पैसे आधी घालतो आणि निकाल आला तरच दुसरा कोणीतरी त्याला ते परताव्यासकट देतो.

पहिलं काम, माणसं ओळखा

करार वाचायच्या आधी एका कोऱ्या कागदावर पाच चौकोन काढा आणि त्यात नावं भरा. भीलवाड्याचं चित्र असं होतं: काम करणारी संस्था एज्युकेट गर्ल्स. कामासाठी आधी पैसे ओतणारा इन्व्हेस्टर यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशन, साधारण २ लाख ७० हजार डॉलर. निकाल आला तरच पैसे देणार अशी कबुली दिलेला आउटकम पेअर म्हणजे चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशन. मोजमाप करणारी तिसरी पार्टी आयडीइनसाइट. आणि सगळ्यांमध्ये बसून डिझाइन आणि कामावर देखरेख करणारी इन्स्टिग्लिओ.

आता तुमच्या प्रोजेक्टचे चौकोन भरा आणि प्रत्येकाखाली एकच ओळ लिहा: निकाल चांगला आला तर याला काय मिळतं आणि वाईट आला तर याचं काय जातं. ही ओळ लिहिताना बऱ्याच गोष्टी आपोआप उघड्या पडतात. आउटकम पेअरला निकाल आला तर पैसे द्यावे लागतात, म्हणून त्याच्याकडच्या एखाद्या अधिकाऱ्याला निकाल थोडा कमी दिसला तर मनातून वाईट वाटणार नाही. इन्व्हेस्टरचं उलटं. काम करणाऱ्या संस्थेचं तर नाव आणि पुढचं फंडिंग दोन्ही त्यावर. यात कोणी वाईट नाही, पण मिटिंगमध्ये कोण कुठल्या बाजूने बोलतोय ते कळायला हा कागद लागतो. मोजणाऱ्याच्या चौकोनाखाली मात्र "काहीच नाही" असंच यायला हवं, निकाल काहीही आला तरी फी तीच. तिथं दुसरं काही लिहावं लागत असेल तर पहिल्याच मिटिंगला हात वर करा. क्लासवाल्यानेच बोर्डाचे पेपर तपासले तर त्याच्या क्लासची टक्केवारी किती लागेल हे सांगायला कोणी लागत नाही.

आणि सहावा एक चौकोन काढा, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांचा. पालक, रुग्ण, प्रशिक्षण घेणारी पोरं. तो कमिटीत बहुतेक वेळा रिकामाच असतो. निदान शाळा व्यवस्थापन समितीतला एखादा पालक किंवा वस्तीतली आशाताई वर्षातून दोन मिटिंगांना तरी बोलवा, आणि त्या दिवशी मिटिंग मराठीत घ्या, नाहीतर बोलावून उपयोग नाही.

मग करार वाचा, पण मागून

परिशिष्टं आधी. पेमेंटचं परिशिष्ट, निकालाच्या व्याख्येचं परिशिष्ट आणि पडताळणीच्या पद्धतीचं परिशिष्ट, ही तीन वाचली की निम्म्याहून जास्त करार कळला. पुढचा भाग नंतर लागेल तसा.

व्याख्येत तीन गोष्टी पेनाने गोल करा. एक, मोजायचं काय. दोन, कोणामध्ये मोजायचं, म्हणजे भागाकारात खाली कोण आहे. तीन, कशाच्या तुलनेत.

भीलवाड्यात दोन निकाल होते. पहिला, ७ ते १४ वयाच्या शाळाबाह्य मुलींपैकी किती जणींचं नाव शाळेत आलं, आणि दुसरा, तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या शिकण्यात किती वाढ झाली, हिंदी, इंग्रजी आणि गणित, 'असर' या शिक्षणाच्या वार्षिक पाहणीतल्या वाचन-गणिताच्या सोप्या चाचणीवर. पैशाचं वजन बघा: शिकण्याला ८० टक्के, नाव घालण्याला २० टक्के. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो कारण पटावर नाव चढवणं तुलनेने सोपं, मुख्याध्यापक तयार असले तर एका दुपारचं काम आहे, पण त्या पोरीला परिच्छेद वाचता येणं कोणाच्या सहीने होत नाही. आणि शिकण्याची मोजणी फक्त मुलींची नव्हती, वर्गातल्या मुलग्यांचीही होती, त्यामुळे मुलींना वेगळं बसवून त्यांच्याकडूनच घोकून घ्यायचा मोह तिथंच कमी झाला.

तुलनेचं म्हणाल तर काही गावांत कार्यक्रम आणि काही गावांत नाही, अशी चिठ्ठी टाकून वाटणी केली होती आणि दोन्हीकडे चाचणी घेतली. म्हणजे पोरं वयाने मोठी झाली म्हणून जे येतं ते वजा होतं. हे वजा न केल्यास काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेत युटा राज्यात आहे. २०१३ ला गोल्डमन सॅक्सच्या पैशावर बालवाडीचा असाच प्रकल्प झाला, २०१५ मध्ये जाहीर झालं की पुढे स्पेशल एज्युकेशन लागेल अशी भीती असलेल्या ११० मुलांपैकी १०९ जणांना ते लागलंच नाही. ऐकायला जबरदस्त. पण मग तज्ज्ञ विचारायला लागले की या ११० मुलांना ते खरोखर लागणार होतं हे तुम्ही कशावरून ठरवलं? एका शब्दसंग्रहाच्या चाचणीवरून, आणि तुलनेला दुसरा गट नाहीच. पैसे तोवर दिले गेले होते. हा प्रश्न कमिटीत कोणीतरी सही व्हायच्या आधी विचारायला हवा होता, आणि तो विचारायला कोणी पीएचडी असावं लागत नाही. "हे केलं नसतं तर काय झालं असतं?" एवढंच.

तुम्ही कमिटीवर आलात तेव्हा सही होऊन गेली असेल तर निराश होऊ नका, पण मान्य करा की तुमची निम्मी ताकद गेली. व्याख्या कच्ची असेल तर ती पहिल्या वर्षाचे आकडे यायच्या आत, सगळ्यांच्या लेखी संमतीने पक्की करून घ्या. आकडे आल्यावर व्याख्येला हात लावला की कोणाचा तरी फायदा आणि कोणाचं तरी नुकसान ठरलेलं, मग एकमत होतच नाही.

कमिट्या दोन, तिसरी नको

आपल्याकडे हौस फार, स्टिअरिंग कमिटी, टेक्निकल कमिटी, मॉनिटरिंग कमिटी, सल्लागार मंडळ, आणि सगळ्यांत तेच सात लोक. दोन पुरतात. एक कामकाजाची टीम, जी दर महिन्याला भेटते आणि जिच्यात काम करणारी संस्था असतेच असते. आणि एक वरची स्टिअरिंग कमिटी, दर तिमाहीला, जी फक्त तीन गोष्टी बघते: करारात बदल, वाद, आणि थांबायचं की पुढे जायचं. वरच्या कमिटीने फील्ड ऑफिसरच्या गाडीच्या डिझेलवर चर्चा सुरू केली की समजा ती वाया गेली.

यासाठी दोन पानांचा टीओआर (टर्म्स ऑफ रेफरन्स, म्हणजे कमिटीचं काम आणि नियम) लागतो. त्यात सदस्य कोण (पदाने, नावाने नाही, कारण बदल्या होतात), अध्यक्ष कोण, गणपूर्ती किती, प्रतिनिधी पाठवता येतो का आणि त्याला मत आहे का, निर्णय एकमताने की बहुमताने, मिटिंगचे कागद किती दिवस आधी. बदल्यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. तीन वर्षांच्या करारात आयुक्त बदलतात, शिक्षणाधिकारी बदलतात, सीएसआर हेड नोकरी सोडतो, आणि शेवटच्या वर्षी टेबलाभोवती असा एकही माणूस उरत नाही ज्याला पहिल्या वर्षी काय ठरलं होतं ते आठवतंय. म्हणून नव्या सदस्यासाठी चार पानांची हस्तांतर नोट तयार ठेवा आणि दर तिमाहीला तिच्यात भर घाला.

गणपूर्तीत एक बारीक अट घालून घ्या: पैसे देणारा आणि काम करणारा, दोघांचा किमान एकेक माणूस हजर असल्याशिवाय मिटिंग धरायची नाही. नाहीतर एकाच बाजूच्या चार जणांत गणपूर्ती भरते आणि निर्णय होऊन जातो.

हितसंबंध

प्रत्येक मिटिंगच्या सुरुवातीला, अजेंड्यातला पहिला विषय म्हणून, सगळ्यांनी सांगायचं की आजच्या कुठल्या विषयात माझा किंवा माझ्या संस्थेचा फायदा-तोटा आहे. आपल्याकडे हे विचारलं की लोकांना राग येतो, "म्हणजे आमच्यावर संशय आहे का". म्हणून रोज विचारायचं, सगळ्यांना विचारायचं, अध्यक्षापासून सुरुवात करायची, मग राग येत नाही. ज्याचा संबंध आहे तो त्या विषयावर माहिती देऊ शकतो, मत देऊ शकत नाही, आणि मिनिट्समध्ये तसं लिहायचं.

पेमेंटच्या आकड्यावर तर कोणाचंच मत नको. तो आकडा पडताळणीच्या रिपोर्टमधून यावा, सूत्रात बसवावा आणि कमिटीने त्याची फक्त नोंद घ्यावी. "यावेळी त्यांनी मेहनत खूप घेतलीय, थोडं ॲडजस्ट करूया" हे वाक्य ज्या दिवशी कमिटीत चाललं त्या दिवशी तुमचा करार परत साधा अनुदानाचा झाला, फक्त कागद जास्त.

आकडे कसे बघायचे

इथं जरा थांबून वाचा, कारण नवीन माणूस इथंच घाबरतो किंवा उगाच खूश होतो.

भीलवाड्यात पहिल्या वर्षाच्या शेवटी तीन वर्षांच्या उद्दिष्टापैकी नाव घालण्यात ४४ टक्के आणि शिकण्यात २३ टक्के गाठलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नाव घालण्यात ८७.७ आणि शिकण्यात ५०.३. म्हणजे तीनपैकी दोन वर्षं संपली, जास्त पैसे ज्याच्यावर त्या निकालात काम अर्ध्यावर. अशा वेळी कमिटीत दोन प्रकारची माणसं बोलतात. एक म्हणतो संस्थेला नोटीस काढा, दुसरा म्हणतो टार्गेटच जास्त होतं, कमी करूया. दोघांचंही ऐकायचं नाही. कमिटीने विचारायचं ते असं: कुठल्या मुलांचं होत नाहीये? वर्गात असूनही येत नाही, की वर्गातच नसतात? कुठल्या गटात, कुठल्या विषयात? आणि हे शोधायला संस्थेला काय हवंय, वेळ, माणसं की पैसे?

तिथं हेच झालं. संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या पातळीप्रमाणे गटात बसवलं, शिकवण्याचे तास वाढवले, जी पोरं शाळेत येत नव्हती त्यांच्यापर्यंत घरी-गावात जाऊन शिकवलं, 'टीम बालिका' नावाचे गावातलेच स्वयंसेवक होतेच. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शिकण्यातली वाढ (सगळी मुलं मिळून, कार्यक्रम नसलेल्या गावांपेक्षा चाचणीच्या किती पातळ्या जास्त चढली) ५,५९२ च्या उद्दिष्टासमोर ८,९४० आली, म्हणजे १६० टक्के, आणि शाळाबाह्य मुलींपैकी ९२ टक्के पटावर आल्या, तेही उद्दिष्टाच्या ११६ टक्के. इन्व्हेस्टरला मूळ रक्कम आणि वर्षाला १५ टक्के परतावा मिळाला, त्यातला काही हिस्सा संस्थेलाही.

यातून नवीन सदस्याने घ्यायचं ते एवढंच की कामाची पद्धत बदलायला संस्थेला कमिटीची परवानगी लागता कामा नये, आणि मोजायची पद्धत बदलायला मात्र सगळ्यांची लेखी परवानगी लागली पाहिजे. आपल्याकडच्या सरकारी करारांत नेमकं उलटं असतं. स्वयंसेवकाच्या मानधनाचं हेड बदलायला तीन सह्या, आणि निकालाची व्याख्या फोनवर बदलते.

मिटिंगआधी येणारं डेटाचं पान एकच असावं. डावीकडे निकाल, जे वर्षातून एकदा येतात. उजवीकडे दर महिन्याचे संकेत: किती मुलं सत्रांना सलग येतायत, किती स्वयंसेवक गळले, किती गावांत भेटच झाली नाही. खाली एक छोटा रकाना, "काय बिघडलंय" असा, आणि तो रिकामा ठेवायला मनाई. हा रकाना भरणाऱ्याला पहिल्या दोन मिटिंगांत कोणी झापलं तर तिसऱ्या मिटिंगपासून तिथं "विशेष काही नाही" यायला लागतं, मग ते पान फाडून टाकलं तरी चालेल.

आणि मिनिट्स. हे वाचा: "प्रकल्पाच्या प्रगतीबाबत समाधान व्यक्त करण्यात आले. उर्वरित कामास गती देण्याच्या सूचना देण्यात आल्या." कोणी व्यक्त केलं? कोणाला सूचना? आता हे बघा: "चौथीच्या गणितात दोन तालुक्यांत वाढ नाही. कारण गैरहजेरी, असं संस्थेचं म्हणणं. हजेरीची गाववार यादी प्रोग्राम मॅनेजर १० तारखेपर्यंत देणार. न आल्यास पुढच्या मिटिंगचा पहिला विषय." दुसरं इतिवृत्त लिहायला वेळ तेवढाच लागतो. मिटिंग संपायच्या आधी, सगळे बसलेले असतानाच वाचून दाखवायचं, नंतर मेलवर दुरुस्त्या सुरू झाल्या की तीन आठवडे जातात.

काय मोजलं जात नाहीये

दर वर्षी एक मिटिंग फक्त यासाठी ठेवा. ज्याचे पैसे मिळतात ते होतं, ज्याचे मिळत नाहीत ते मागे पडतं. ब्रिटनमध्ये २०११ ला सुरू झालेल्या 'वर्क प्रोग्राम'मध्ये बेरोजगाराला नोकरी लागून ती टिकली की नोकरी लावून देणाऱ्या कंपनीला पैसे मिळायचे. मग ज्यांना नोकरी लावणं सोपं त्यांच्याकडे लक्ष, आणि आजारी, अपंग, वर्षानुवर्षं घरी बसलेले लोक नावापुरते यादीत. अवघड लोकांसाठी जास्त रक्कम ठेवूनसुद्धा असं झालं.

आपल्याकडे २०२१ ला सुरू झालेल्या स्किल इम्पॅक्ट बाँडमध्ये, ज्यात एनएसडीसी (राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ) होतं, नुसतं प्रशिक्षण नाही तर नोकरी लागणं आणि ती तीन महिने टिकणं यावरही पैसे ठेवले होते, आणि ५० हजार तरुणांपैकी ६० टक्के मुली असाव्यात असं लक्ष्य. ही अट बरी आहे, ती नसती तर कोण मागे राहिलं असतं ते आपल्याला माहितीय. पण तीन महिने नोकरी टिकली हे सिद्ध कसं करणार, पगाराची स्लिप, बँकेचा मेसेज, की फोनवर "हो आहे" म्हटलं ते चालेल? घरकामाला किंवा छोट्या पार्लरमध्ये लागलेल्या मुलीकडे स्लिप नसते. नियम फार कडक केला तर तिची खरी नोकरी मोजली जात नाही आणि संस्था पुढच्या वेळी अशा मुली घेतच नाही. अशा जागी कमिटीने डोकं लावायचं असतं.

राजस्थानातच 'उत्कृष्ट' नावाचा बाँड झाला, बाळंतपणं करणाऱ्या खासगी दवाखान्यांचा दर्जा वाढवायचा. तिथं पैसे बाळ-बाळंतिणीच्या मृत्यूंवर नव्हते, दवाखान्याने एनएबीएच (दवाखान्यांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना फॉग्सी हिच्या 'मान्यता' या मानकांची तयारी गाठली का यावर होते. पुस्तकी लोक म्हणतील हा निकालच नाही. मला ते पटतं आणि तरी मी हेच केलं असतं, कारण एका छोट्या दवाखान्यात वर्षाला इतके कमी मृत्यू होतात की त्यावरून काही ठरवणं म्हणजे नशिबावर पैसे देणं.

पडताळणी

आकडे कोण गोळा करतं आणि कोण तपासतं ते वेगळं ठेवा. तपासणीची गावं संस्थेला आधी कळता कामा नयेत. तपासणारे संस्थेच्या गाडीतून जाऊ नयेत, हे लहान वाटतं पण गाडीत दोन तास गप्पा झाल्यावर कोणालाही कडक वागता येत नाही. यादीतल्या नावांपैकी काही निवडून घरी जाऊन विचारायचं, पटावर नाव आहे का आणि पोरगी शाळेत जाते का हे दोन वेगळे प्रश्न. कमिटीच्या सदस्यांनीही वर्षातून एकदा तरी गावात जावं, पण हार-तुरे, औक्षण आणि गाणं म्हणणाऱ्या मुलींची रांग असलेली भेट धरू नका.

रिपोर्टवर वाद झाला तर संस्थेला ठराविक दिवसांत, समजा पंधरा, लेखी हरकत घेता यावी, तपासणाऱ्याने लेखी उत्तर द्यावं, आणि त्यानंतर कमिटीने मधलं काही काढू नये. दोन्ही आकड्यांची सरासरी काढून मिटवणं हा आपल्याकडचा आवडता तोडगा आहे आणि तो सगळ्यात वाईट, कारण पुढच्या वेळी दोन्ही बाजू आकडा ताणूनच आणतात.

मध्येच जग बदललं तर

इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या तुरुंगातला २०१० चा बाँड, जगातला पहिला सोशल इम्पॅक्ट बाँड (भीलवाड्यासारखंच, फक्त निकालाचे पैसे मुख्यतः सरकार देतं). वर्षाच्या आतली शिक्षा भोगून सुटणाऱ्या कैद्यांसोबत काम, १७ गुंतवणूकदारांचे ५० लाख पौंड. सुटणाऱ्या कैद्यांचे एकामागून एक गट केले होते आणि करारात दोन पायऱ्या होत्या: एखाद्या एकाच गटात पुन्हा गुन्हे १० टक्क्यांनी घटले तर लगेच पैसे, नाही तर शेवटी सगळे गट मिळून ७.५ टक्के. पहिल्या गटात घट आली ८.४. पैसे नाहीत. शेवटी २०१७ मध्ये पहिल्या दोन गटांचा एकत्र आकडा ९ आला आणि पैसे मिळाले. ८.४ ला "जवळपास झालंच की" म्हणून कोणी पैसे सोडले नाहीत, हे लक्षात ठेवा. पण मधल्या काळात सरकारने देशभराचं धोरणच बदललं आणि सगळ्याच सुटणाऱ्या कैद्यांना अशी सेवा द्यायचं ठरवलं, त्यामुळे तिसऱ्या गटाचं काम निकालावर न होता साध्या फीवर झालं.

तुमच्या करारात हे असं घडू शकतं: शासनाची नवी योजना त्याच गावात येते, शाळा एकत्र होतात, कोविडसारखं काहीतरी. म्हणून बदलाच्या विनंतीचा एक साधा फॉर्म ठेवा. काय बदललं, कधीपासून, कुठल्या निकालावर परिणाम, संस्था काय सुचवते, पैसे देणाऱ्याचं मत, तपासणाऱ्याचं मत. तपासणाऱ्याचं मत लोक विसरतात, आणि मग कागदावर मान्य झालेला बदल मोजताच येत नाही.

महापालिका किंवा जिल्हा परिषद पैसे देणार असेल तर

इथं कमिटीच्या वर अजून एक मजला असतो. निकाल दोन-तीन वर्षांनी येतो आणि आपलं बजेट ३१ मार्चला संपतं. आज स्टिअरिंग कमिटीने मान डोलावली म्हणून तीन वर्षांनी लेखाशीर्षावर तरतूद असेलच असं नाही. म्हणून करारावर सही व्हायच्या आधी मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याचा अभिप्राय नोटशीटवर हवा, आणि पुढच्या प्रत्येक वर्षाच्या दायित्वाचा उल्लेख असलेला स्थायी समितीचा ठराव हवा. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२०-२१ च्या सुमारास आरोग्यसेवेसाठी यूएनडीपीसोबत (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) सोशल इम्पॅक्ट बाँडचा सामंजस्य करार केला तेव्हा देशात महापालिकेने असं काही करण्याचं नवल होतं. पण बघा, २०२२ च्या मार्चमध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासक. १६ जणांच्या स्थायी समितीचे अधिकार एकाच खुर्चीत. वरून लक्ष ठेवणारं, उलटे प्रश्न विचारणारं कोणी नाही. अशा काळात तुमच्या कमिटीचे मिनिट्स आणि पडताळणीचे रिपोर्ट वेबसाइटवर टाकणं हाच उपाय, कोणी माहितीच्या अधिकारात मागायच्या आधी स्वतःहून. लेखापरीक्षक नंतर येणारच आहे, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो "काम झाल्याचा पुरावा काय", त्याला मोजमाप पुस्तिका माहितीय, चाचणीचे गुण माहिती नाहीत. त्याला आधीच एका मिटिंगला बोलवून सूत्र समजावून सांगा.

थांबायचं कधी

न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात २०१२ ला किशोरवयीन कैद्यांसाठी बाँड झाला, गोल्डमन सॅक्सचे ९६ लाख डॉलर कर्ज, त्यातल्या ७२ लाखांना ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजची हमी. पुन्हा तुरुंगात येण्याचं प्रमाण किमान १० टक्क्यांनी कमी व्हायला हवं होतं. व्हेरा इन्स्टिट्यूटने स्वतंत्रपणे मोजलं, काहीच फरक पडला नव्हता, आणि २०१५ मध्ये कार्यक्रम बंद झाला. शहराने या निकालासाठी एक पैसा दिला नाही. लोक याला फसलेला बाँड म्हणतात. मी तरी नाही म्हणणार, मोजणारा वेगळा होता, थांबायचा मुद्दा आधीच लिहिलेला होता आणि त्या मुद्द्यावर थांबले. आपल्याकडे किती योजना चालत नाहीत हे सगळ्यांना माहिती असून पंधरा वर्षं चालतात ते मोजा.

तुमच्या टीओआरमध्ये थांबण्याची अट आकड्यात लिहा: अमुक महिन्यात अमुक निकाल अमुकपेक्षा खाली असेल तर स्टिअरिंग कमिटी थांबण्यावर विचार करेल. "करेल", "करू शकते" नाही. आणि थांबल्यावर मुलांचं, रुग्णांचं, नोकरी गेलेल्या फील्ड स्टाफचं काय, याचं अर्धं पान सोबत जोडा, तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढून. शेवटच्या मिटिंगच्या अजेंड्यात चार गोष्टी टाका: अंतिम रिपोर्ट जाहीर करायची तारीख, कच्चा डेटा नावं काढून कोणाकडे राहणार, उरलेल्या पेमेंटची तारीख, आणि सगळ्या मिनिट्सची एक बांधलेली प्रत कोणाच्या कपाटात.